साखरेची रक्तातली नोंद

(वेंगुर्ल्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय 'मधुमेह आणि डीएनए' असा छापलाय. त्यावरून बऱ्याच जणांनी ठरवूनच टाकलेलं दिसतंय, की मी आनुवंशिकतेवर बोलणार. आजोबांना होता, आईला होता, मामाला होता, म्हणजे मला होणारच, अशी आपल्याकडची मांडणी असते. तो विषय मोठा आहे, पण आजचा नाही. डीएनएमुळे मधुमेह कसा होतो, हे आपण बाजूला ठेवू. मधुमेह झाल्यावर, साखर वर्षानुवर्षं चढी राहिल्यावर, रक्तातल्या पेशींच्या डीएनएचं काय होतं, ते आज बघायचंय.

मी पॅथॉलॉजिस्ट. औषध लिहून देणारा डॉक्टर मी नव्हे. माझ्याकडे माणूस कमी आणि त्याची नळी जास्त येते. त्यामुळे बोलणारही नळीच्याच बाजूनं.

आत शिरण्याआधी एक आकडा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर पंजाब असेल, दिल्ली असेल, असं वाटतं ना? वर आहे गोवा. २६.४ टक्के. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. भात तोच, बांगडा तोच, निम्मे सोयरेधायरे तिकडचेच. ती पाहणी राज्यवार होती, त्यामुळे सिंधुदुर्गाचा आकडा गोव्याइतकाच आहे असं मी म्हणणार नाही. पण खाडीच्या अलीकडे बसून आपण निश्चिंत राहावं, असंही काही कारण मला दिसत नाही.

आता नळी. तुमचं रक्त घेताना आम्ही दोन नळ्या भरतो, हे तुम्ही पाहिलं असेल. करड्या झाकणाची नळी त्या घटकेची साखर मोजण्यासाठी. जांभळ्या झाकणाची बाकीच्या हिशेबासाठी. ही जांभळी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बाहेर काढली, की रक्ताचे थर पडलेले दिसतात. तळाला गडद लाल, निम्म्याला थोडा कमी, तो तांबड्या पेशींचा. वरती पिवळसर प्लाझ्मा. आणि दोघांच्या मधोमध एक मळकट पांढरा पापुद्रा, इतका पातळ की नवशिक्या टेक्निशियनला तो दाखवून द्यावा लागतो. सगळ्या रक्ताच्या जेमतेम एक टक्का. पांढऱ्या पेशी त्यात असतात. रक्तातून डीएनए काढायचा म्हणजे या पापुद्र्यातून काढायचा. तांबड्या पेशींत डीएनए नसतोच. अस्थिमज्जेत तयार होताना त्या आपलं केंद्रक बाहेर टाकून देतात आणि मोकळी झालेली जागा हिमोग्लोबिननं भरतात. साधारण ६००-७०० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी पडते, आणि डीएनएचा सगळा कारभार त्या एकीकडे.

म्हणजे एकाच नळीत साखरेच्या दोन वेगवेगळ्या नोंदी असतात. एक तांबड्या पेशींत, डीएनएशिवाय. दुसरी पांढऱ्या पेशींत, डीएनएवर. पहिली तुम्हाला ठाऊक आहे, तिचे पैसे तुम्ही दर तीन महिन्यांनी भरता. दुसरी आजवर कुणाच्या रिपोर्टवर छापून आलेली नाही. मला बोलायचंय ते मुख्यतः दुसरीबद्दल, पण पहिलीवरून गेल्याशिवाय तिथं पोचता येत नाही.

पहिली नोंद म्हणजे एचबीएवनसी, आपण जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतो ती. साखर आणि प्रथिन एकत्र राहिले की हळूहळू एकमेकांना चिकटतात. त्यासाठी एन्झाइम लागत नाही, नुसता सहवास पुरतो. तव्यावर सुरमईच्या तुकडीला जो खरपूस तांबूस रंग चढतो, तो याच रासायनिक क्रियेचा पुढचा टप्पा. मेलार्ड नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ती पहिल्यांदा मांडली. तव्यावर ती मिनिटांत होते, अंगातल्या ३७ अंशांवर तिला आठवडे लागतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, तो हा आकडा. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह.

मधुमेहींचं हिमोग्लोबिन जरा वेगळं दिसतं, हे १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युअल राहबार यांच्या लक्षात आलं. ते शोधत होते हिमोग्लोबिनचे आनुवंशिक प्रकार. रक्तातलं हिमोग्लोबिन वेगवेगळं करून दाखवणाऱ्या पट्टीवर एक जादा रेघ दिसली, आणि ज्यांच्या रक्तात ती दिसली ते मधुमेही निघाले. आज जगातल्या प्रत्येक मधुमेह्याचा उपचार त्या रेघेवर बेतलेला आहे.

या तपासणीमुळे आमच्या कामात एक गंमत आली. पूर्वी लोक तपासणीच्या आधी आठवडाभर पथ्य पाळून यायचे. अजूनही येतात. "डॉक्टरांनू, आठ दिवस भाताक हात लावूक नाय, साखर बगा." उपाशीपोटीची साखर खरोखरच बरी येते. एचबीएवनसी मात्र ८.९. गणपतीत कितव्या मोदकावर हात थांबला, याचा हिशेब त्यात आलेला असतो. (हापूस खावा की न खावा, हा प्रश्न कृपया आज विचारू नका. त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी आनंदानं येईन, मे महिन्यात ठेवलंत तर जास्तच आनंदानं.)

ही नोंद चोख असली तरी तिलाही मर्यादा आहेत. लोह कमी असलेल्या बाईच्या तांबड्या पेशी रक्तात जास्त दिवस रेंगाळतात, त्यामुळे साखर तितकीच असून एचबीएवनसी चढा येऊ शकतो. उलट नुकताच रक्तस्राव झालेला असेल, रक्त चढवलेलं असेल, तर तो खोटा उतरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. म्हणून बाईचा एचबीएवनसी हातात घेताना शेजारी तिचं हिमोग्लोबिनही बघावं. किती ठिकाणी बघतात, यावर न बोललेलं बरं.

आता तो पांढरा पापुद्रा.

पांढऱ्या पेशींना साखर जास्त झाली की त्यांचं इंधन जास्त होतं. पेशीत ऊर्जा बनवणारे जे मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांच्यावर भार पडतो आणि त्यांतून सुपरऑक्साइड नावाचे अतिशय चिडके रेणू बाहेर पडतात. उच्च साखरेच्या बहुतेक दुष्परिणामांची मुळं या एका जागी आहेत, असं मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडलं. हे रेणू जे सापडेल त्याला डसतात. डीएनएची चार अक्षरं आहेत, त्यांतलं ग्वानिन सगळ्यात लवकर बळी पडतं. त्याचं ऑक्सिडेशन झालेलं रूप मधुमेह्यांच्या पेशींत आणि लघवीत सरासरीपेक्षा जास्त सापडतं.

आता घाबरण्याआधी हे ऐका. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारोंनी इजा होतातच, मधुमेह असो वा नसो. श्वास घेतो म्हणून होतात. आणि त्या रोजच्या रोज दुरुस्तही होतात. मधुमेहात बिघडतो तो तोल. इजा वाढतात, दुरुस्ती त्या वेगानं होत नाही.

हे डोळ्यांनी दिसतं का? दिसतं. काचपट्टीवर अगारोज नावाच्या जेलीच्या पातळ थरात पांढऱ्या पेशी रुतवायच्या, रसायनानं त्यांची आवरणं विरघळवायची, उरलेल्या डीएनएच्या गोळ्यांमधून थोडा वेळ विजेचा प्रवाह सोडायचा. मग रंग देऊन अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ज्या पेशीचा डीएनए शाबूत आहे, तिचा नुसता गोल दिसतो, चकचकीत, कडा रेखीव. जिच्यात तुटफूट आहे, तिचे तुकडे विजेबरोबर एका बाजूला ओढले जातात आणि त्या गोलामागे धूसर शेपूट पडतं. म्हणून या तपासणीचं नावच 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू. १९८४ मध्ये स्वीडनमध्ये ऑस्टलिंग आणि योहानसन यांनी ती काढली, १९८८ मध्ये नरेंद्र सिंह यांनी तिची आज जगभर वापरली जाणारी सुधारित पद्धत दिली. पहिल्यांदा बघताना तासभर डोळा काढवत नाही. आधी एकेक पेशी मोजता, मग मोजायचं विसरून बघतच बसता.

मधुमेह्यांच्या पेशींची शेपटं निरोगी माणसांपेक्षा सरासरीनं लांब येतात, हे अनेक ठिकाणी आढळलंय. पण सिगारेट ओढणाऱ्याचीही शेपटं लांब येतात. भट्टीच्या धुरात काम करणाऱ्याचीही. त्यामुळे शेपूट बघून 'याला मधुमेह आहे' असं सांगता येत नाही, आणि साखर आहे म्हणून शेपूट मोजायचीही गरज नाही. ते संशोधनाचं हत्यार आहे. तिथंच राहू दे.

टेलोमिअरचंही तसंच. गुणसूत्राच्या टोकांना एक ठरावीक अक्षरांची साखळी हजारो वेळा आलेली असते, पेशी दुभंगताना ती थोडीथोडी झिजते. यावरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. मधुमेह्यांच्या पांढऱ्या पेशींत ती टोकं सरासरीनं आखूड असतात. भारतीय रुग्णांमध्ये हे चेन्नईच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. मात्र आखूड आणि लांब अशा दोन्ही गटांची सरमिसळ इतकी असते, की एकट्या माणसाला त्या आकड्यातून काही सांगणं म्हणजे त्याचे पैसे घेणं. 'तुमच्या पेशींचं खरं वय सांगतो' अशा जाहिराती मोबाइलवर येतात, त्या पुढे सरकवा.

इथवर जे सांगितलं ते नुकसानीचं. नुकसान भरून निघू शकतं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट, आणि ती सुरू होते एका जुन्या चाचणीपासून.

१९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात टाइप-१ मधुमेह (ज्यात शरीराचं स्वतःचं इन्सुलिन बनणंच थांबतं) असलेल्या १,४४१ जणांना घेऊन एक चाचणी सुरू झाली. वय १३ ते ३९. एका गटाला त्या काळची नेहमीची पद्धत, दिवसाला एक-दोन इन्सुलिनची इंजेक्शनं. दुसऱ्या गटाला कडक शिस्त, म्हणजे तीन किंवा जास्त इंजेक्शनं नाहीतर पंप, आणि दिवसातून अनेकदा बोट टोचणं. सरासरी साडेसहा वर्षं हे चाललं. पहिल्या गटाचा एचबीएवनसी ९ च्या आसपास, दुसऱ्याचा ७ च्या. १९९३ मध्ये निकाल आला. ज्यांचे डोळे सुरुवातीला ठीक होते, त्यांच्यात शिस्तीच्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार ७६ टक्क्यांनी कमी झाला. चाचणी थांबवली आणि सगळ्यांनाच कडक पद्धत शिकवली.

गंमत इथून पुढे. चाचणी संपली तरी संशोधकांनी माणसं सोडली नाहीत, वर्षानुवर्षं तपासत राहिले. घरी गेल्यावर पहिल्या गटाची साखर सुधारली, दुसऱ्याची शिस्त जरा सैलावली, आणि थोड्याच वर्षांत दोघांचा एचबीएवनसी ८ च्या आसपास एकाच पातळीवर आला. आता दोघांचे डोळे आणि मूत्रपिंडंही सारखीच वागायला हवीत ना? वागली नाहीत. पूर्वी ज्यांची साखर चढी होती त्यांच्यात गुंतागुंत वाढत राहिली, पूर्वी शिस्तीत होते ते तरले. साखर सारखी, परिणाम वेगळे, आणि तेही दहा वर्षांहून जास्त काळ. टाइप-२ मधुमेहातही, म्हणजे आपल्या बहुतेकांच्या मधुमेहात, ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत असंच दिसलं. ती १९७७ मध्ये सुरू झाली, नव्यानं निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. चाचणी संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांच्या साखरेतला फरक मिटला. सुरुवातीला साखर ताब्यात ठेवलेल्यांचा फायदा मात्र दहा वर्षांनंतरही मोजता येत होता, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

शरीराला जुनी साखर आठवते कशी? तांबड्या पेशी तर चार महिन्यांत संपतात. मग ही आठवण ठेवली कुणी?

डीएनएनं. आणि ती ठेवताना त्यानं आपलं एकही अक्षर बदललेलं नाही. आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यांतल्या काही सायटोसिन अक्षरांवर एक छोटासा मेथिल गट बसवता येतो, काढता येतो. तो कुठं बसलाय यावर शेजारचं जनुक चालू राहणार की गप्प बसणार, हे बऱ्याच अंशी ठरतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोन्सवरही अशाच खुणा असतात.

हे समजायला आपल्या हातातला कागद घेऊ, सातबारा. सोसायटीचं कर्ज काढलंत, इतर हक्कात बोजा चढला. कर्ज फेडलंत, दाखलाही मिळाला. पण फेरफार होऊन तो बोजा कमी होत नाही तोवर उतारा वाचणारा प्रत्येक जण तुमच्या जमिनीला कर्जातली जमीनच समजणार. गुंठे तेच आहेत, चतुःसीमा तीच आहे, कलमंही तीच. नोंद तेवढी राहिलीय. आणि जितक्या वेळा नवा उतारा काढाल, तितक्या वेळा ती नोंद त्यावर छापून येणार. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते, आणि जुन्या धाग्यावरच्या मेथिल खुणा बघून नव्या धाग्यावर त्या तशाच उतरवणारं एक खास एन्झाइम असतं. बोजा पुढच्या उताऱ्यावर जातो तो असा.

हे नुसतं तर्कानं नाही सांगत. त्या १,४४१ जणांचं जुनं रक्त जपून ठेवलेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेत रामा नटराजन यांच्या गटानं ते काढलं. जेमतेम साठेक माणसं निवडली. चाचणीच्या वेळचं रक्त, आणि त्याच माणसांच्या १६-१७ वर्षांनंतरच्या मोनोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. दोन्हींतल्या मेथिल खुणा ताडून पाहिल्या. ज्यांची साखर एकेकाळी चढी होती, त्यांच्यात काही ठरावीक जागी खुणा इतक्या वर्षांनीही तशाच होत्या. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०२० मध्ये सुमारे पाचशे जणांवर त्यांनी दाखवलं, की पूर्वीची साखर आणि पुढची गुंतागुंत यांच्यातला दुवा बऱ्याच प्रमाणात या खुणांमधून जातो.

त्यातली एक जागा मुद्दाम सांगतो, कारण ती पुन्हापुन्हा समोर येते. टीएक्सएनआयपी नावाचं जनुक. साखर वाढली की हे जनुक जोरात चालतं. त्याचं प्रथिन पेशीतल्या एका महत्त्वाच्या ऑक्सिडेशन-रोधक यंत्रणेला अडवून धरतं, म्हणजे मघाशी सांगितलेल्या चिडक्या रेणूंना मोकळं रान. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाही ते मारक ठरतं. मधुमेह्यांच्या रक्तात या जनुकावरच्या एका जागी मेथिल खूण कमी आढळते, म्हणजे गप्प बसवणारा लगाम सैल. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत, टाइप-२ मधुमेहातही हेच सापडलंय.

इथं एक शंका तुमच्या मनात यायला हवी. (मागून एक हात वर झालेला दिसतोय, बहुधा तीच असेल.) मोनोसाइट पेशी रक्तात राहते काही दिवस. मग १६ वर्षांपूर्वीची खूण आजच्या मोनोसाइटमध्ये आली कुठून? ती पेशी तर परवा जन्मली. याचं उत्तर रक्तात नाही, हाडांत आहे. अस्थिमज्जेत मूळ पेशी असतात, आयुष्यभर राहतात, आणि रोज नव्या पेशींच्या तुकड्या रक्तात पाठवतात. खूण तिथं बसली असली पाहिजे, म्हणजे मग जन्मणारी प्रत्येक पेशी ती घेऊनच बाहेर येते. साखर आज १०० असली तरी ती पेशी जुन्या चढ्या साखरेच्या काळातल्यासारखी वागते, विनाकारण तापलेली, सूज वाढवायला टपलेली. आणि हीच पेशी जाऊन रक्तवाहिनीच्या भिंतीत बसते.

खूण बसायला किती वेळ लागतो? ऑस्ट्रेलियात असम अल-ओस्टा यांच्या गटानं २००८ मध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी ताटलीत वाढवल्या, त्यांना फक्त १६ तास चढी साखर दिली आणि परत नेहमीच्या साखरेत ठेवलं. सूज वाढवणाऱ्या एका जनुकावरच्या हिस्टोन खुणा सहा दिवसांनीही उतरलेल्या नव्हत्या. ताटलीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. एका लग्नाच्या जेवणानं बोजा चढतो असा अर्थ कुणी काढू नका. पण 'पन्नाशीपर्यंत चालवून घेऊ, मग बघू' या हिशेबाला मात्र यातून फार मोठा तडा जातो. निदानानंतरची पहिली काही वर्षं सगळ्यात मोलाची, आणि नेमक्या त्याच वर्षांत माणसाला काही होत नसतं. दुखत नाही, खुपत नाही, नोकरी मुंबईत, रिपोर्ट कपाटात. गुंतागुंत दिसायला लागते तेव्हा रापण ओढणारा एखादा भाऊ माझ्याकडे पायातला पू तपासायला पाठवलेला असतो. टाचेत कालवाची शिंप रुतून चार दिवस झालेले, आणि त्याला पत्ता नाही, कारण पायाची जाणीवच गेलेली.

मेथिल गट शरीरात येतो कुठून, हेही आपल्याकडच्या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. तो अन्नातून येतो, आणि तो फिरवायला फोलेट व बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलो. पण आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्यात चरबी त्या मानानं जास्त. ज्या आयांचं फोलेट चांगलं पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त. बारीक अंगकाठीचा, पोट जरासं पुढे असलेला कोकणी माणूस, 'मला कसली साखर?' म्हणणारा, तुम्ही रोज बघता. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानंही किशोरवयीन मुलींवर याच धाग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतलाय, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट. आपल्या मातीतले आकडे आपल्याकडून यायला हवेत.

आणि ज्यांची मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी गोळी बरीच वर्षं चालू आहे त्यांनी लक्षात ठेवा, या गोळीनं बी-१२ कमी होऊ शकतं. मासे खाणाऱ्याला त्याची झळ कमी, शाकाहाऱ्याला जास्त. पायांना मुंग्या येतात तेव्हा सगळं खापर साखरेवर फोडलं जातं, कधीकधी निम्मं कारण बी-१२ असतं. तपासून घ्या. मात्र बी-१२ ची इंजेक्शनं घेतली की जुन्या खुणा पुसल्या जातात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तसं सिद्ध झालेलं नाही. गोळी स्वतःच्या मनानं बंद करणं तर त्याहून वाईट.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

"साखर पूर्वी चढी होती, आता काही उपयोग नाही का?" आहे. बोजा एका बाजूनंच चढतो असं थोडंच आहे? चांगल्या ताब्याचीही आठवण शरीर ठेवतं, दोन्ही चाचण्यांनी तेच दाखवलं. शिवाय आजची चढी साखर आज नव्या खुणा बसवतेय, त्या तरी थांबवा. जुन्या खुणा पुसणारी औषधं शोधण्याचं काम प्रयोगशाळांत चालू आहे, दुकानात काही नाही.

"डीएनएची तपासणी करून घ्यावी का, कुठं होते?" नको. मी लॅबवाला असून सांगतोय. तेवढ्या पैशांत वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन मोजून घ्या, बूट-चपला काढून डॉक्टरांना पाय दाखवा. डोळ्यात औषध घालून पडदा बघायचा असतो, नुसता चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ती तपासणी नव्हे.

"माझ्या रक्तातल्या या खुणा नातवंडांत जातील का?" जाणार नाहीत. रक्तातल्या पेशी आणि बीजपेशी यांची घरं वेगळी. पण प्रश्न विचारणाऱ्या काकींच्या घरात सून गरोदर असेल, तर तिच्या पोटातल्या बाळाला तिच्या साखरेचा थेट संबंध येतो, आणि तिथं आपल्याला करण्यासारखं बरंच आहे. सरकारी दवाखान्यात पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी साखर बघतात, जेवून गेली असली तरी चालतं. १४० किंवा वर आली तर आहारापासून उपचार सुरू. ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा एकदा. आणि गरोदरपणात साखर निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासायची असते, कारण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच असतो. ती तपासणी बहुतेक जणी चुकवतात. घरात बाळाचं सगळं चालू असतं, तिच्या रक्ताची आठवण कुणाला राहत नाही. काकी, त्या दिवशी बाळाला तुम्ही घ्या आणि तिला दवाखान्यात पाठवा.